बोटीतलं घर आणि दुसरं रेल्वे गेट

नवरा आणि मी अमेरिकेत बोटीवर राहतो. बेळगावात येऊन तीन आठवडे झाले आणि एकच प्रश्न तीसेक जणांनी तरी विचारला असेल, "काय गं, एवढ्या समुद्रात भीती वाटत नाही?" मी दरवेळी सांगते, आत्या, आम्ही समुद्रात नसतोच, आम्ही कालव्यात असतो. की आत्याचा चेहरा पडतो. कालवा म्हटलं की आपल्याकडं हिडकलचा कालवा, म्हशी धुवायचा.

तर नीट सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून लांबट बेटांची ओळ आहे, ती बेटं आणि जमीन ह्यांच्या मधून आतल्या आत बोट न्यायची वाट आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे, कुठं नदी, कुठं खाडी, कुठं माणसांनी खणलेला कालवा, सगळं एकमेकाला जोडलेलं. व्हर्जिनियात नॉरफोकला शून्य मैल आणि मायामी साधारण १,०९० मैलावर, म्हणजे साडेसतराशे किलोमीटर. आमची बोट ३४ फुटी, शिडाची, पण शीड क्वचितच उघडतं, एकतर जागा अरुंद आणि वारा नेमका समोरून, त्यामुळं दिवसभर डिझेल इंजिन डुगडुग डुगडुग, ताशी नऊ-दहा किलोमीटर. आपली जुनी लुना पुढं निघून जाईल.

वाटेवरचे बहुतेक पक्के पूल पाण्यापासून ६५ फूट उंच, आमची डोलकाठी ४८ फूट, म्हणजे काळजी नाही (तरी खालून जाताना वर बघितलं की आता घासली असंच वाटतं, मी अजून डोळे मिटते). पण बुटके पूल उघडावे लागतात, पूलवाल्याला रेडिओवर हाक मारायची, नॉर्थ कॅरोलिनात १३ नंबरवर, फ्लोरिडात ९ वर, मग तो गाड्या अडवून रस्ताच वर उचलतो. काही पूल ठरलेल्या वेळेलाच उघडतात, दोन मिनिटं उशीर झाला तर पुढची वेळ येईपर्यंत पुलासमोर गोल गोल फिरत बसा, बोटीला ब्रेक नसतो. शाळेत असताना टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला सायकल धरून थांबायचे आणि त्या मालगाडीला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. आता मालगाडी मीच, आणि वर मोटारीत अडकलेली माणसं मनात काय म्हणत असतील ते मला शब्दन् शब्द माहीत आहे.

नॉरफोकवरून खाली येताना आम्ही डिस्मल स्वॅम्प नावाच्या दलदलीतला कालवा घेतला, २२ मैल, सरळ पट्टी मारल्यासारखा, दोन्हीकडची झाडं वरून वाकलेली. १७९३ ला खणायला घेतला आणि १८०५ ला सुरू झाला, खणणारे बहुतेक गुलाम, हातानं, चिखलात उभं राहून, आणि पळालेले गुलाम त्याच दलदलीत लपून राहायचे. तिथं इंजिनचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. पाणी बिनदुधाच्या चहासारखं, झाडापाल्याच्या टॅनिननं, आणि बोटीच्या नाकाखाली त्याचा पिवळट तपकिरी डाग चढतो, सगळे त्याला मिशीच म्हणतात.

पाण्याच्या टाकीत सव्वादोनशे लिटर, दोघांनी आठवडा काढायचा. शेजारच्या बोटीवरची अमेरिकन बाई विचारते, कसं जमतं तुला? चार दिवसांनी नळाला पाणी, पहाटे उठून पिंप भरायचे, ह्या गावात वाढलेल्या बाईला हे कोण शिकवणार!

आता जॉर्जियाची गोष्ट, जी नवरा कुणाला सांगू देत नाही. दक्षिणेला जाताना पाण्यातल्या वाट दाखवणाऱ्या लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, हे पाठ. पण जिथं ही वाट मोठ्या नदीच्या मुखाशी जाते तिथं नदीच्या खुणा नदीच्या हिशोबानं लावलेल्या असतात, लाल-हिरवं उलटंपालटं होतं, तिथं रंग विसरायचा आणि खुणेवरचा छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन बघायचा, त्रिकोण उजवीकडं. सुकाणू माझ्याकडं होतं. मला लाल पाटीवर पिवळा चौकोन दिसला, मी म्हटलं ही डावीकडं ठेवायची, तर हा खालून चहाचा कप घेऊन वर येत ओरडला, "तांबडं उजवीकडं, तांबडं उजवीकडं!" आणि मी, मूर्ख, ऐकलं. बोट मऊ काहीतरी लागल्यासारखी थांबली. धक्का नाही, आवाज नाही, भाताच्या चिखलात पाय रुतावा तशी.

ओहोटी नुकतीच लागलेली. तिथं भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक, म्हणजे पाणी उतरून परत तेवढं चढेपर्यंत दहा तास निवांत. बोट हळूहळू डावीकडं कलली, कपाटातले डबे एकावर एक, मी बाकावर नाही तर भिंतीवर बसलेले, आणि शेगडी तेवढी सरळ, कारण ती झुल्यावर टांगलेली असते. तिच्यावर मी पिठलं केलं, भात केला, न बोलता. पाणी गेलं तसा दोन्हीकडं काळा चिखल उघडा पडला, नुसता शिंपल्यांचा वास, आणि संध्याकाळी तीन डॉल्फिन आले, माशांना ढकलत ढकलत थेट चिखलावर, स्वतः अर्धे बाहेर येऊन एका कुशीवर पडले, मासे गिळले आणि वळवळत परत पाण्यात. आमच्यापासून तीस फुटांवर. तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला, "बघ, ते पण मुद्दाम रुततात." मी पिठल्याचं पातेलं उचललं होतं, पण खाली ठेवलं. रात्री साडेबाराला बोट आपोआप तरंगली.

आता १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, म्हणून बोट जॉर्जियात एका यार्डात जमिनीवर टेकू लावून उभी आहे आणि आम्ही इथं पावसात. परत गेल्यावर पहिलं काम तळाला रंग आणि ती मिशी काढणं, तिकडं लोक लिंबू चोळतात. सासूबाईंनी ऐकलं, म्हणाल्या, तांब्याचा बंब चिंचेनं निघतो तर होडी का नाही निघणार? दोन किलो चिंच वर्तमानपत्रात बांधून तयार ठेवलीय, कुंद्याच्या डब्याशेजारी. कस्टमवाल्याला काय सांगायचं ते नवऱ्यावर सोपवलंय, सारखं ओरडायला येतं त्याला.