इमर्जन्सी कॉन्टॅक्ट

ऑफिसात नवं एचआर पोर्टल आलंय. सगळ्यांनी आपापली माहिती परत भरायची होती, म्हणून दुपारी उरकायला बसले. नाव, जन्मतारीख, विवाहित, पुढे, पुढे. इमर्जन्सी कॉन्टॅक्टला दादाचं नाव आणि नंबर टाकला, नात्यात ‘भाऊ’ निवडलं, सबमिट. हात जरासुद्धा अडला नाही.

घरी येताना लक्षात आलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तसं बघितलं तर बरोबरच आहे. नवरा अमेरिकेत, मी इथे. मी ऑफिसात चक्कर येऊन पडले तर त्याच्याकडे रात्र असणार. तो फोन उचलेल, घाबरेल आणि लगेच दादालाच फोन लावेल. मी मधला एक फोन वाचवला, एवढंच. पटतंय मला. पटतंय तरी खुपतंय.

कारण लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दुसरं करतोय काय? हा माझा नवरा आहे आणि मी त्याची बायको, हे अमेरिकन सरकारला पटवून देतोय. आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे न्यायचा जो अर्ज असतो, त्याबरोबर लग्नाचा दाखला दिला, फोटो दिले, विमानाची तिकिटं दिली, चॅटचे स्क्रीनशॉट दिले. एकदा तर ऐन भांडणात मनात येऊन गेलं की हेही जपून ठेवावं, इतकं मन लावून नवरा-बायकोच भांडतात. आणि आज एका साध्या रकान्यात, जिथे कुणी पुरावा मागत नव्हतं, तिथे त्याचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग चिडून नेहमीचा हिशोब परत मांडला. तो एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना लग्न केलं असतं, तर मी एच-४वर, त्याची बायको म्हणून, तेव्हाच गेले असते. ग्रीन कार्ड हातात यायच्या आधी लग्न लागलं असतं, तरी त्याच्यामागोमाग जाता आलं असतं. आधी कार्ड, मग लग्न, म्हणून एफ२ए, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकोची वेगळी रांग. त्याचं कार्ड आलं तेव्हा आईने पेढे वाटले होते. जाऊ दे. आणि ही एफ२ए जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत करंट होती, म्हणजे आकड्यांची रांगच नव्हती. एप्रिल २०२३च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुणाचा नंबर लागला ते सरकार दर महिन्याला सांगतं त्यात, तारीख उचलून ८ सप्टेंबर २०२०वर नेऊन ठेवली. त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर. आमच्या अर्जाची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, त्यानंतरची. अर्थातच.

(“इंडियन्सची रांग मोठीच असते गं,” असं सांगणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. ते नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या, ईबी-२च्या रांगेबद्दल बोलत असतात.)

बरं, तोवर नुसतं भेटायला जावं, तर व्हिजिटर व्हिसाच्या खिडकीवर मी परत येणार हे मी सिद्ध करायचं. आणि त्याच सरकारकडे, मला कायमचं येऊ द्या, असा अर्ज पडलेला. त्याने इथे येऊन राहावं तर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सिटिझनशिपच्या वेळी प्रश्न. सासूबाईंचाही फोन येऊन गेला. त्यांनी काय विचारलं ते लिहीत नाही.

पण हे सगळं जुनं आहे, याचं रडून झालेलं आहे. आजचं वेगळं आहे. आज मला कुणी अडवलं नव्हतं. तिथे त्याचं नाव लिहायला ना प्रायॉरिटी डेट लागत होती, ना इंटरव्ह्यू.

रात्री त्याला सांगून टाकलं. वाटलं होतं, गप्प होईल. तो हसायलाच लागला. म्हणाला, “माझ्या फॉर्मवर कोण आहे सांगू? जुना रूममेट. तो तर गाव सोडून गेला केव्हाच.” म्हणजे याला काही झालं तर फोन अशा माणसाला जाणार, जो स्वतः विमानाने यायला हवा. मी आधी ओरडले, मग मलाही हसू आवरेना. त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, याचं मला वाईट वाटलं का? थोडं. पण त्याच्या फॉर्मवर मी नाही, याचं वाईट वाटायचं मलाही सुचलं नाही, तेव्हा फिटंफाट.

मग बराच वेळ आमचं ते आवडतं भांडण झालं: आधी काय होईल, आमची तारीख करंट होईल की त्याची पाच वर्षं भरून तो सिटिझन होईल? सिटिझनच्या बायकोला आकड्यांची मर्यादाच नाही, त्यामुळे त्याचा भरवसा स्वतःवर. माझा बुलेटिनवर, कारण कुणीतरी त्या बाजूने बोलायला हवं ना.

आणि उशिराचा एक फायदाही मी शोधून काढलाय. तिथे पोचण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर बायकोला अटींचं दोन वर्षांचंच कार्ड मिळतं आणि त्या अटी काढायला पुन्हा आय-७५१, पुन्हा फोटो, पुन्हा पुरावे. आमचं ते टळलं. तोवर आमचं लग्न सरकारच्या हिशोबानेही मुरलेलं असेल. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे एक फॉर्म वाचला. फी पण.” मग म्हणाला, त्या पैशात तिकीट बघतो. बघ म्हटलं.