सावलीतलं तापमान मोजताना

घरच्या हवामान केंद्रात संगणकाचा भाग सगळ्यात आधी उरकतो. मी रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा छोटासा संगणक घेतला आणि त्याला बॉशचा बीएमई२८० सेन्सर जोडला. वायरी चारच: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. सेटिंगमधून आय-टू-सी (शेवटच्या दोन वायरींवरून सेन्सरशी बोलायची पद्धत) चालू केलं, स्कॅनमध्ये सेन्सरचा ७६ हा पत्ता दिसला (काही बोर्डांवर ७७ असतो), आणि पायथनच्या थोड्याशा ओळींत तापमान, आर्द्रता, हवेचा दाब स्क्रीनवर हजर. घेताना एवढं बघा, की बीएमईच्या नावाखाली बीएमपी२८० गळ्यात पडत नाही ना. दिसायला दोन्ही जुळे, पण बीएमपीला आर्द्रता कळत नाही.

आकडे आले, पण ते कशाचे? पाय चालू असताना तापतो. त्याच डब्यात सेन्सर ठेवला तर डब्यातली हवा मोजली जाते. उन्हात ठेवला तर सेन्सर स्वतः किती तापला ते. भिंतीला टेकवला तर भिंत दिवसभर साठवलेली उष्णता रात्री त्याला देत बसते. यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकातला आहे. दीपगृहं बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी तयार केली. वारा आरपार जातो, ऊन मात्र आत शिरत नाही. मी कुंडीखाली ठेवतात तसल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या, मध्ये फट सोडून एकावर एक बसवल्या, वरची सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडलं आणि सेन्सर आत टांगला. जमिनीपासून दीड मीटरवर, मोकळ्या जागी. पूर्ण प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ या बशांनीच खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा.

दाबाचंही तसंच. सेन्सर दाखवतो तो आपल्या उंचीवरचा दाब. हवामानाच्या नकाशाशी ताडायचा तर तो समुद्रसपाटीला आणावा लागतो. कमी उंचीवर साधारण ८ मीटरला १ हेक्टोपास्कल धरतात.

पावसासाठी दोन कप्प्यांचं डोलणारं मापक लावलं. एक कप्पा भरला की कलंडतो, चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की मिटणारा स्विच) सरकतो, एक पल्स मिळते. माझ्या मापकात एका कलंडण्याला ०.२७९४ मिमी पाऊस. स्विच एकदा मिटताना थरथरतो, त्यामुळे लागोपाठ आलेल्या पल्स कोडमध्ये गाळाव्या लागतात. पडताळणी सोपी आहे: नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी असेल तर १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. पाणी थेंबथेंब ओता; भसकन ओतलं तर कप्पा कलंडतानाचं पाणी मोजणीतून निसटतं.

आता इंटरनेट. प्रत्येक नोंद आधी पायवरच्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, मग एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने बाहेर. नेट गेलं तर न गेलेल्या नोंदी थांबून राहतात. या पायला बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि नेट नसलं तर तो चुकीची वेळ लावून निवांत नोंदी करत राहतो. म्हणून डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल त्याच आय-टू-सीच्या वायरींवर चढवलं.

वारा मात्र मोजत नाही. दिशादर्शकासाठी अ‍ॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचणारं) लागतं, ते पायला नाही. एमसीपी३००८ ही चिप लावून ती सोय होते. पण वारा मोजायची प्रमाण उंची १० मीटर, आणि छपराच्या कडेला घुमणारी हवा हा काही वारा नव्हे.