मॉरिस मायनरचं वायरिंग: हार्नेसला हात लावण्याआधी

गाडी १९६१ची, ९४८ सीसी मॉरिस मायनर. लुकास कंपनीचा सी-४० डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), आरबी-१०६ कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरीमधली नियंत्रणाची पेटी: तीच व्होल्टेज सांभाळते आणि तिच्यातले पॉइंट (संपर्क) डायनामोला बॅटरीशी जोडतात-तोडतात. बरीच वर्षं उभी असलेल्या गाडीला सल्ला ठरलेला असतो: सगळं वायरिंग, म्हणजे तारांचा जुडगा (हार्नेस), उपटा, नवं टाका. मी तसं केलं नाही. कापडी वेष्टणातली तार मधल्या लांबीत बहुतेक वेळा शाबूत असते. रबर तडकतं ते टोकांना, हेडलाइटच्या वाटीमागे आणि स्टिअरिंग कॉलमपाशी. तेवढीच टोकं बदलली. कापडाचा रंग उडालेला असला तरी सांध्याच्या स्लीव्हखाली तो टिकून राहतो. तपकिरी तार कायम जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थ.

ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला. नव्या इग्निशन कॉइलवर + आणि − छापलेलं असेल तर इथे + ची तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते. उलट जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त पडते आणि दोष कार्बुरेटरवर जातो.

बॅटरी थेट जोडू नका. मायनस टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घाला. सगळे स्विच बंद, दारं बंद, म्हणजे बल्ब विझलेला हवा. माझा भगभगीत पेटला. दोन्ही फ्यूज काढले तरी तसाच. कटआउटवरची डी तार (डायनामोकडून येणारी) सोडवली आणि बल्ब विझला. याचा अर्थ हार्नेस निर्दोष, कटआउटचे पॉइंट चिकटलेले, आणि बॅटरी डायनामोतून रिकामी होत होती. डी सोडूनही बल्ब पेटता राहिला असता, तर तपकिरी तारेत शॉर्ट शोधावा लागला असता.

पॉइंट चिकटायचं कारणही सापडलं. डायनामो पूर्वी कुठेतरी भरून आणलेला होता आणि निगेटिव्ह अर्थसाठी 'फ्लॅश' केलेला, म्हणजे क्षणभर करंट देऊन त्याची पोलॅरिटी तशी ठरवलेली. अशा वेळी कटआउट जोडला गेला की डायनामो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध नाही, एकामागे एक लागतात. करंट बेफाम वाहतो.

डायनामो उघडला. कार्बन (ब्रश) ७ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर बदलायचे. कॉम्युटेटर (कार्बन जिथे टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बारीक काचपेपरनेच घासा. एमरीचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या पात्याच्या तुकड्याने पाऊण मिलिमीटर खाली घेतला. मागच्या बुशला तेलाचे चारच थेंब. फील्डचा (डायनामोतल्या स्थिर गुंडाळीचा) रोध सहा ओहमच्या आसपास भरला, म्हणजे ठीक. मग डायनामोवरच्या डी आणि एफच्या (एफ म्हणजे फील्ड) तारा काढून, बॅटरीच्या जिवंत (इथे मायनस) टोकाची तार एफला दोन-तीनदा क्षणभर टेकवली. झाली पोलॅरिटी बरोबर. त्यानंतर डी-एफ एकत्र जोडून, मीटर त्यांच्या आणि बॉडीच्या मध्ये लावून इंजिन हळूहळू वाढवलं. व्होल्टेज सरळ चढत गेलं पाहिजे. २०च्या पुढे नेऊ नका. एक व्होल्टपाशीच अडकलं तर फील्ड, चार-पाचपाशी अडकलं तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) खराब.

कटआउटचे पॉइंट सुटे करून काचपेपरने साफ केले, स्पिरिटने पुसले. व्होल्टेज तपासताना कटआउटच्या ए आणि ए-१ टोकांच्या तारा काढून एकमेकींना जोडायच्या, मीटर डी आणि ई (अर्थ) मध्ये. ३० अंश तापमानाला १५.९ ते १६.५ व्होल्ट यायला हवेत. इथेच लोक घाबरतात आणि व्होल्टेज जुळवायचा स्क्रू ढिला करतात. हा आकडा बिनभाराचा आहे. बॅटरी जोडल्यावर तो खाली येतो. आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात उरका, कटआउटमधली कॉइल तापली की आकडा सरकतो. माझा १६.२ आला, स्क्रूला हात लावला नाही.

खरा वेळ गेला अर्थवर. हेडलाइट लावून बॅटरीचं प्लस टोक आणि डाव्या दिव्याची काळी तार यांच्यात मीटर धरला: १.८ व्होल्ट. ०.२च्या वर काहीही असलं तर सांधा खराब. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन. आता ०.०८. इंजिन ते बॉडी वेणीची पट्टीही याच पद्धतीने, स्टार्टर फिरवताना तपासा. ती तुटलेली असेल तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली तर आधी ही पट्टी बघा.

फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. लुकासचा तो आकडा वितळण्याचा आहे; सलग चालण्याचा १७. बाजारातल्या फ्यूजवर सलग चालण्याचा आकडा छापलेला असेल तर ३५चा घालू नका, तार आधी जळेल. हेडलाइटला मुळात फ्यूजच नाही, म्हणून तिथे वेगळा होल्डर बसवला. हॅलोजनच्या मोहात मात्र पडलो नाही: डायनामो पुरता वेगात असतानाच २२ अँपिअर देतो, आणि हेडलाइट, टेललाइट, कॉइल, वायपर मिळून पंधरा-सोळा तसेच जातात. आयडलला इग्निशनचा लाल दिवा अजून मिणमिणतो. डायनामोच्या गाडीत तो मिणमिणणारच. वेग जरा वाढवला की विझतो.