नाकात जन्मणारे, तोंडात उघडणारे इंद्रिय

परदेशातील या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर माझ्या वाट्याला पहिले काम आले ते सापांच्या भ्रूणांच्या काचपट्ट्या वाचण्याचे. मेणात बसवलेल्या इवल्याशा डोक्याचे, काही मायक्रोमीटर जाडीचे शेकडो काप जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवून क्रमाने मांडलेले असतात आणि एकामागून एक पाहत गेल्यावर मनात त्यांचे पुन्हा डोके उभे करायचे असते. शोधायचे होते ते जॅकबसनचे इंद्रिय, म्हणजे साप जीभ लपलपवून उचललेले रासायनिक कण ज्याच्यापर्यंत पोहोचवतो ते. लुडविग जॅकबसन या डॅनिश शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सस्तन प्राण्यांत त्याचे वर्णन केले. ते पूर्णत्वास पोहोचलेले दिसते मात्र साप आणि घोरपडीसारख्या सरड्यांत.

हे इंद्रिय नाकाचा भाग आहे, हे पाठ असल्यामुळे मी थेट जन्माजवळ आलेले भ्रूण घेतले आणि या इंद्रियाचे तोंड नाकाच्या पोकळीत शोधत बसले. दोन दिवस गेले आणि काहीही सापडले नाही. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले, की सर्वांत लहान भ्रूणापासून सुरुवात करावी.

तेथे सारे स्पष्ट होते. मुस्कटाच्या दोन्ही बाजूंस बाह्यस्तराची, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराची, एकेक जाडसर चकती दिसते. ती आत खचून खळगा होतो, आणि त्या खळग्याच्या मध्यरेषेकडील भिंतीतून एक लहानसा कप्पा बाहेर डोकावतो. तोच या इंद्रियाचा अंकुर. या टप्प्यावर नाक आणि कप्पा यांची पोकळी एकच असते, म्हणजे माझे पाठांतर चुकीचे नव्हते, फक्त ते फार थोडा काळ खरे होते. पुढे वरच्या जबड्याचे आणि टाळूचे उंचवटे वाढून एकमेकांना भिडतात, कप्प्याची नाकाकडील वाट बुजते आणि तोंडाच्या छताकडील अरुंद वाट तेवढी उरते. अवयव जागेवरून फारसा हललेला नसतो. भोवतालच्या ऊतींनी त्याचे दार बदललेले असते.

त्याच सुमारास कप्प्याचा तळ आत फुगू लागतो आणि अळंबीच्या आकाराचा उंचवटा पोकळीत शिरतो, त्यामुळे कापात गोल पोकळीऐवजी चंद्रकोर दिसते. चंद्रकोरीच्या वरच्या कडेचे अस्तर जाड होत जाते, कारण संवेदी पेशी तेथेच असतात. उंचवट्यावरील अस्तर पातळ राहते. संवेदी पेशींचे तंतू जुडग्यांनी मेंदूकडे निघतात आणि मुख्य घ्राणगोलाकडे, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागाकडे, न जाता त्याच्या शेजारच्या साहाय्यक घ्राणगोलात पोहोचतात, जो सापात चांगलाच मोठा असतो.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती डोळ्याकडून येणारी नळी. सापाचा डोळा पारदर्शक आवरणाखाली बंद असतो, तरी त्यामागील हार्डर ग्रंथी या डोळ्याच्या ग्रंथीचा स्राव अश्रुनलिकेतून वाहत येऊन या इंद्रियाच्या वाटेत उतरतो. बेलेअर्स आणि बॉयड यांनी १९४७ आणि १९५० मध्ये सरडे व साप यांच्या अश्रुमार्गावर लिहिलेले निबंध आजही येथे वाचायला दिले जातात. जिभेची दोन टोके टाळूच्या दोन छिद्रांत थेट खुपसली जातात, हे मी पूर्वी बिनदिक्कत सांगत असे. क्ष-किरण चित्रणात मात्र जीभ तशी आत जाताना दिसलेली नाही.

सर्वच सरपटणाऱ्या प्राण्यांत ही वाटचाल पूर्ण होत नाही. कासवांत संवेदी अस्तर नाकाच्या पोकळीतच राहते, रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्यांत इंद्रिय खुरटलेले असते, आणि मगरींच्या भ्रूणात त्याचा अंकुर क्षणभर दिसून मावळतो.

माझ्यासमोरचे भ्रूण गार्टर सापाचे आहेत. हा उत्तर अमेरिकी साप अंडी न घालता पिल्ले देतो आणि त्याच्या वाढीचे ३७ टप्पे १९६२ मध्येच नोंदवलेले असल्यामुळे तुलना सोपी जाते. याच सापांच्या, कधीही काही न खाल्लेल्या नवजात पिल्लांपुढे भक्ष्याच्या अर्कात बुडवलेला कापसाचा बोळा धरला, की ती जीभ वेगाने हलवतात आणि बोळ्यावर झडप घालतात, असे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक बर्गहार्ट यांनी १९६०च्या दशकात दाखवले होते. शेवटच्या टप्प्याच्या काचपट्टीवर मी आता ती चंद्रकोर पाहते, तेव्हा तिची वाट खाली तोंडात उघडलेली असते.