तुम्ही विचारलंत म्हणून : रायफलचं जाड बॅरल

साकीनाक्याच्या माझ्या गाळ्यात लेथ आहे आणि घरी काकांकडून वारशाने आलेली, रीतसर माझ्या परवान्यावर चढवलेली थर्टी-ओ-सिक्स (हे काडतुसाचं नाव) बोल्ट-अॅक्शन, म्हणजे मागचा बोल्ट हाताने ओढून काडतूस भरायची, रायफल आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आहेत हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "काका, आमच्या आजोबांची शिकारीची रायफल आहे, गोळी इकडेतिकडे जाते. तिला ते जाड बॅरल, म्हणजे जाड नळी, बसवून द्याल का? व्हिडिओत तर तासाभरात बसवतात."

नाही देणार. पण नुसतं 'नाही' म्हटलं की लोकांना वाटतं म्हातारा भाव खातोय, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिडिओ खोटे नसतात. ते अमेरिकेतले असतात, एवढंच. तिथे सॅव्हेज कंपनीने 1958 साली मॉडेल 110 काढलं. त्याचं बॅरल एका वेगळ्या नटने आवळलेलं असतं. नट सैल करा, बॅरल फिरवून काढा, दुसरं लावा, गेजने तपासा, नट आवळा. तिथे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची मागची पोकळी, आधीच कोरलेली बॅरलं विकत मिळतात आणि कायदाही वेगळा आहे. आपल्याकडे जुन्या घरांतून निघतात त्या बऱ्याचशा माउझर नाहीतर ली-एन्फील्ड घराण्यातल्या. त्यांना असला नट नाही. बॅरलचा खांदा थेट रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, बसतो, आणि तो कुठे बसतो त्यावर सगळं ठरतं.

सगळं म्हणजे काय? काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकतं तिथपासून मागे बोल्टच्या तोंडापर्यंत किती अंतर आहे, ते. याला हेडस्पेस म्हणतात. थर्टी-ओ-सिक्सला 'चालेल' आणि 'चालणार नाही' या दोन गेजांमधला फरक चार-सहा थाऊ असतो. टूलरूममध्ये न वावरलेल्यांसाठी सांगतो, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि वर्तमानपत्राचा कागद साधारण तीन थाऊ जाड असतो. म्हणजे दोन कागदांचा मामला. हे अंतर जास्त झालं तर पितळी केसचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटतो, बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. ते फाटलं की गॅस मागे येतो. मागे तुमचा गाल असतो. या काडतुसाचा दाब चौरस इंचाला 60 हजार पाउंडांपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो.

माझ्या लेथवर दोन कागदांचं काम होत नाही असं नाही. रोज होतं. पण आर्म्स अॅक्ट, 1959 प्रमाणे बंदुकीचा भाग हेसुद्धा शस्त्रच, आणि परवाना नसलेल्या गाळ्यात त्याची दुरुस्ती किंवा फेरफार केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. माझ्याकडे परवाना आहे तो रायफल बाळगण्याचा. लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरण्याचा नाही.

आता गंमत अशी की हा प्रश्न मीसुद्धा एकदा विचारलेला आहे.

सप्टेंबर होता. परवानगी काढून रेंजवर गेलो होतो. शंभर मीटरवर पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ, तिसरी वर, चौथी आणखी वर. पाच गोळ्यांचा पसारा बशीएवढा. माझं निदान तयार होतं: बॅरल बारीक आहे, तापतंय. मी टर्नर माणूस, भोक मोठं करायचा बोरिंग बार बारीक घेतला की कसा चॅटर मारतो, म्हणजे थरथरतो, हे मला कुणी शिकवायला नको. गोल दांड्याची ताठरता व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. व्यास दीडपट केला तर ताठरता पाचपट. शिवाय लोखंड जास्त, म्हणून तापायला वेळ. हिशेब चोख होता. फोर्टमधल्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे रायफल घेऊन गेलो आणि ऐटीत म्हटलं, जाड बॅरल टाकायचंय.

ते वयाने मोठे, गुजराती वळणाचं मराठी. त्यांनी बोल्ट काढला, मॅगझिन रिकामं पाहिलं, चेंबरमध्ये बोट घातलं आणि म्हणाले, "दहाची नोट आहे?" दिली. त्यांनी ती लांबट दुमडून पुढच्या टोकाला बॅरल आणि लाकडाच्या फटीत घातली आणि मागे सरकवू लागले. वीतभर गेली आणि अडकली. डावीकडून अडकली, उजवीकडून मोकळी. "बॅरलला लाकूड ढकलतंय. पावसाळा पिऊन बसलंय ते."

मग दोन स्क्रू काढून लाकडी दस्ता वेगळा केला आणि बॅरल जिच्यात बसतं ती आतली खाच मला दाखवली. बाहेरून काकांनी वर्षानुवर्षं तेल चोळून आरशासारखं केलेलं अक्रोडाचं लाकूड, आणि आत? कोरडं, उघडं, पॉलिशचा थेंब नाही. मुंबईची चार महिन्यांची दमट हवा ते लाकूड आतून शोषत होतं. फुगून बॅरलला एका बाजूने टेकत होतं. बॅरल गरम होऊन जरा पसरलं की टेकण्याचा जोर बदलायचा आणि गोळी सरकायची.

"नवीन बॅरल टाकलं असतंत तरी ह्याच खाचेत बसवायचं होतं ना?" ते म्हणाले. मी गप्प.

दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, त्यांनी खाच थोडी मोकळी केली आणि आतून लॅकरचे हात दिले. पुन्हा रेंजवर गेलो तेव्हा पाच गोळ्या आमटीच्या वाटीच्या तोंडात मावत होत्या. बॅरल तेच. नोट मात्र त्यांनी परत दिली नाही.

जाड बॅरल म्हणजे खूळ आहे असं मला म्हणायचं नाही. वरळीच्या रेंजवर स्पर्धेच्या पॉइंट टू-टूच्या (छोट्या काडतुसाच्या) रायफली जवळून बघा, बॅरल केवढं जाड असतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. त्या प्रकाराच्या पात्रता फेरीतच साठ गोळ्या असतात. गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने, प्रत्येकी वीस. पुरुषांना रायफलचं वजन आठ किलोपर्यंत चालतं. तिथे तापण्याचा प्रश्न फारसा नाहीच, वजनामुळे हात स्थिर राहतो म्हणून ते हवं असतं. शिकारीची रायफल मुळात उलट्या विचाराने बनवलेली. दिवसभर खांद्यावर वागवायची, गोळी एक, फार तर दोन. म्हणून बॅरल सडपातळ. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर बंद झाली, ती रायफल तशीच राहिली. तिच्यावर दीड-दोन किलो जादा लोखंड चढवलंत तर सगळा भार पुढे झुकतो, दस्त्याची खाच कोरून रुंद करावी लागते आणि आजोबांची म्हणून जी आहे ती वस्तू राहत नाही.

गेल्या महिन्यात असाच एक जण आला होता, भाईंदरचा, तिशीतला. त्याला हे सगळं सांगितलं आणि घरी जाऊन, बोल्ट काढून, आधी नोट घालून बघ म्हटलं. रात्री फोन आला.

"काका, दोन्हीकडून सात इंच जाते, पुढे जात नाही."

"बाहेर पाऊस आहे का?"

"धो धो."

"मग डिसेंबरात परत घाल आणि तेव्हा फोन कर."