आठवडा 11: भिंतीवरच्या तीन रेघा

मंगळवारी बाबांनी सलग 14 वेळा चेंडू रेघेच्या वर मारला. चौदावा रेघेला जेमतेम शिवला, पंधरावा वीतभर खाली लागला. "बाबा, थांबा," धाकटी म्हणाली, आणि ते थांबले. चार आठवडे ज्या प्रश्नाने मला छळलं, तो त्या पंधराव्या चेंडूपाशी सुटला. म्हणून आजची नोंद लांबणार आहे.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. आम्ही तिघं एकत्र व्यायाम करतो. त्यातला एक वॉल बॉल: जड चेंडू छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे बैठक, मारायची आणि उठता उठता तो भिंतीवर उंच फेकायचा. बाबा 63 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे पण उड्या बंद. धाकटी बहीण दहा किलोमीटर हसतखेळत धावते. मी दोघांच्या मधला. एकच सर्किट, म्हणजे ओळीने करायचे व्यायाम, एकाच वेळी, आणि तिघांचाही सारखाच कस लागला पाहिजे, एवढाच हट्ट.

आठवडा 7 मध्ये मी मोठ्या उत्साहाने तक्ता टाकला होता: बाबांना 3 किलो, धाकटीला 6, मला 9, 40 सेकंद काम, 20 सेकंद विश्रांती. कागदावर छान दिसत होता. प्रत्यक्षात बाबांचा स्क्वॉट पंचविसाव्या सेकंदाला अर्ध्यावर यायचा, पायांतून येणारा जोर बंद व्हायचा आणि चेंडू नुसत्या खांद्यांवर जायचा. त्यांना धाप लागायच्या आधी खांदे भरून यायचे. मी पहिले दहा झकास मारायचो, मग प्रत्येक चेंडूआधी एक दम घ्यायचो. धाकटी 6 किलो फेकता फेकता गप्पा मारत होती.

मग मी वजनं बदलत बसलो. धाकटीला 9 दिला, तर सातव्या फेकीला चेंडू मेला. बाबांना 2 दिला, तर ते भरभर फेकू लागले आणि खालचा स्क्वॉट आणखी उथळ झाला. विश्रांती वाढवली, तर धाकटीचं अंग थंड पडायला लागलं. एकाचं जमवावं, तर दुसऱ्याचं बिघडायचं. आठवडा 9 मध्ये 20 सेकंद काम आणि 10 सेकंद विश्रांतीचे आठ राउंड करून पाहिले, तेही फसले. ताबाता म्हणून हेच 20-10 चं घड्याळ हल्ली सगळीकडे चालतं, त्याबद्दल माझं स्पष्ट मत झालं आहे. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा मूळ प्रयोग जागेवरच्या सायकलवर होता, आणि त्यातला जोर, शरीर कमाल ऑक्सिजन वापरतं तेव्हाच्या जोराच्या सुमारे 170 टक्के होता. सायकलवर पाय थकले तरी फॉर्म, म्हणजे शरीराची ठेवण, मोडून चेंडू तोंडावर येत नाही. तेच घड्याळ वॉल बॉलला लावलं की चौथ्या राउंडनंतर उरते ती फक्त धडपड.

आता मुद्द्यावर. रविवारी वहीत गणित करताना शाळेतली एक गोष्ट आठवली. चेंडू हातातून सुटला की तो किती उंच जाणार हे त्याच्या वजनावर ठरत नाही, सुटतानाच्या वेगावर ठरतं. अर्धा मीटर वर जायला सेकंदाला साधारण 3.1 मीटर वेग लागतो, एक मीटर जायला 4.4. चेंडू 3 किलोचा असो की 9 चा, आकडा तोच. म्हणजे भिंतीवरची रेघ हा वेग मोजायचा काटाच आहे! आणि दमल्यावर आपला सगळ्यात आधी पडतो तो वेगच.

मग प्रचलित उंची आपल्याला का छळते तेही कळलं. वॉल बॉलचं नेहमीचं माप पुरुषांना 9 किलो आणि 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर, महिलांना 6 किलो आणि 9 फूट, म्हणजे 2.74. माझे हात वर केल्यावर बोटं 2.25 मीटरवर जातात, म्हणजे 10 फुटांसाठी मला चेंडू 80 सेंटीमीटर वर धाडायचा असतो. धाकटीची बोटं जातात 2 मीटरपर्यंत. तिला मी आठवडा 8 मध्ये 9 किलो घेऊन त्याच 10 फुटांवर मारायला लावलं होतं, म्हणजे माझ्यापेक्षा पाव मीटर जास्त. चूक माझी होती, आणि मी ती तिच्या ताकदीवर ढकलली. तिला तसं सांगूनही झालं.

म्हणून आता प्रत्येकाची रेघ स्वतःच्या अंगावरून. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, हात ताणायचे, बोटांच्या टोकाशी खडूने खूण करायची. तिच्यावर बाबांसाठी एक वीत, माझ्यासाठी एक हात, धाकटीसाठी पाऊण मीटर. तिची रेघ 2.75 वर आली, जवळपास 9 फूटच. चेंडू पुन्हा 3, 9 आणि 6. बाबांच्या मागे स्टूल: बूड टेकवायचं, वजन टाकून बसायचं नाही. स्टुलाला स्पर्श झाला नाही तर ती फेक मोजायची नाही. यामुळे उथळ स्क्वॉटचा प्रश्न एका दिवसात संपला.

नियम असा: चेंडू रेघेखाली लागला की सेट संपला. घड्याळ नाही. विश्रांतीलाही घड्याळ नाही. 1 ते 15 मोठ्याने, मध्ये श्वास न घेता म्हणता आलं की पुढचा सेट. एका सेटला जास्तीत जास्त 20. चारही सेटमध्ये 20 गाठले, तर पुढच्या वेळी रेघ चार बोटं वर; वजन तेच. पहिल्याच सेटला 8 सुद्धा झाले नाहीत, तर चेंडू हलका घ्यायचा.

मंगळवारचे आकडे. बाबा: 14, 12, 11, 9. धाकटी: 20, 18, 15, 15. मी: 17, 13, 10, 8. धाकटी 35 सेकंदांत पुन्हा उभी राहत होती, बाबांना शेवटच्या सेटआधी 110 लागले. संपल्यावर तिघांनी एकमेकांना न दाखवता दहापैकी किती जड गेलं ते कागदावर लिहिलं: 8, 8 आणि 9. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा आकडे जुळले. तो कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

एक काळजी. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, आणि बाबांना ती सवय आहे. म्हणून चेंडू सुटताना ते "हुप्प" म्हणतात. आवाज आला नाही की धाकटी टोकते.

चेंडूंबद्दल. माझ्या 6 किलोवाल्याची शिवण तिसऱ्या आठवड्यात उसवली, भरण एका कुशीला सरकलं आणि चेंडू हवेत डुगडुगायला लागला. विकणाऱ्याने बदलून द्यायला नकार दिला. वर, वजन केलं तर 5.4 किलो भरलं! तुमचेही तपासा: वजनकाट्यावर चेंडू घेऊन उभं राहा, मग चेंडूशिवाय, आणि वजाबाकी करा. नवा घेतला तो दुहेरी शिवणीचा. पंधरा दिवसांत टाका हललेला नाही. आणि पुन्हा सांगतो, स्लॅमसाठी, म्हणजे चेंडू डोक्यावरून जमिनीवर आपटण्यासाठी, न उसळणारा चेंडूच हवा. रबरी चेंडू जमिनीवर आपटला तर तो थेट नाकावर येतो.

स्लॅमवरून आठवलं, आणि इथेच माझा पुढचा बेत लिहिता लिहिता बदलतोय. मी स्लॅमलाही हाच नियम लावणार होतो. पण स्लॅममध्ये चेंडू खाली जातो, तिथे रेघ कुठे मारणार? आवाजावरून ठरवावं तर ते कानाचं काम, तिघांचं एकमत होणार नाही. मात्र रबरी चेंडू भिंतीवर आडवा फेकला की परत येतो, आणि किती जोरात फेकला ते तोच सांगतो. तो जमिनीला न लागता हातात आला तर फेक धरायची, आधी टप्पा पडला की सेट संपला. तिथे रेघेऐवजी भिंतीपासूनचं अंतर बदलायचं.

म्हणजे स्लॅम सध्या सर्किटबाहेर. त्याच्या जागी धाकटी आणि मी कंबरेतून वळून फेकणार, मागच्या पायाची टाच उचलून खुब्यासकट फिरत. पाय रोवून ठेवला की पीळ गुडघ्यात जातो, म्हणून बाबांना हा प्रकार नको. त्यांना समोर तोंड करून छातीपासून सरळ फेक. तीही परत येतेच, नियम तोच. आत्ताच उठून फरशीवर तिघांच्या पावलांच्या खुणा केल्या: बाबा भिंतीपासून दीड पाऊल, आम्ही दोघं अडीच. गुरुवारी पहिला सेट बाबांचा.