तेरावी मात्रा

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले आहेत. गेले दहा-बारा दिवस ज्या गाण्याशी मी झटतो आहे, ते आज पहिल्यांदा ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला, म्हणून झोपण्याआधी हे लिहून ठेवतो.

गाणे लहानपणी शाळेत मुलांनी केलेल्या छळाविषयी आहे. पहिला मसुदा मी छळ सोसणाऱ्या मुलाच्या तोंडी घातला होता, आणि तो करुण होण्यापलीकडे कुठेच गेला नाही. ऐकणाऱ्याला दया येते आणि दया आली की तो सुरक्षित होतो. मग शब्द बाजूला ठेवले आणि घोळका करून चिडवताना मुले जी चाल धरतात, तीच घेतली: प ग ध प ग. ही चाल कुणी शिकवत नाही, तरी ती सगळ्यांना येते. ती गोड आहे, ही तिची खरी अडचण. परवा भांडी घासताना मी ती मजेत गुणगुणत होतो आणि ते ध्यानात आल्यावर नळ बंद करून काही वेळ नुसताच उभा राहिलो.

चालीतला एकही स्वर बदलायचा नाही असे ठरवले होते, त्यामुळे बदल खाली करावा लागला. चालीखाली सतत वाजत राहणारा आधारस्वर षड्जावर, म्हणजे सा वर होता, तो उचलून कोमल गंधारावर नेला. गाणारा आवाज जागचा हलला नाही, पण नव्या आधारावर तेच पाच स्वर कानाला ग, कोमल रे, तीव्र म, ग, कोमल रे असे लागू लागले. कोमल रिषभ, शुद्ध गंधार आणि तीव्र मध्यम हे तिन्ही मारवा आणि पूरिया या सायंकाळच्या रागांत भेटतात, आणि माझ्या आठवणीतली वेळही शाळा सुटल्यानंतरची, दिवस कलताना घरी जाण्याचीच आहे. हे मी योजले नव्हते. आपसूक जुळून आले. आधारासाठी दोन सूर वापरले, एक २२० हर्ट्झचा आणि दुसरा २२३ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो, आणि ती थरथर कानापेक्षा छातीतच जास्त जाणवते.

मुलांचा आवाज निम्म्या वेगाने वाजवून एक सप्तक खाली उतरवण्याची युक्तीही करून पाहिली आणि लगेच पुसून टाकली. त्याने घोळक्याचे भूत होते, आणि मला त्रास देणारी मुले भुते नव्हती. त्यांतल्या एकाच्या वहीतून मी गणिते उतरवून घेत असे.

खरी वाट मात्र दुसरीकडून सापडली. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांमधील या छळाचा अभ्यास केला आणि तो ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या: इजा करण्याचा हेतू, पुनःपुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या बळातला फरक. मी इतके दिवस हेतूवर आणि बळावर लिहीत होतो, पुनरावृत्तीकडे फक्त ध्रुवपदाचा, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळीचा विषय म्हणून पाहत होतो. आज आठवू लागलो तेव्हा चिडवलेले दिवस एकमेकांत मिसळून गेलेले दिसले. लख्ख आठवतो तो एक दिवस, ज्या दिवशी कुणीच काही बोलले नाही. ती मुले नेहमीप्रमाणे मागून चालत होती, मी मान आवळून, प्रत्येक पावलाला आता येईल, आता येईल असे म्हणत घरापर्यंत गेलो, दार लावून घेतले, आणि तरीही ते थांबले नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, आणि का ते कुणाला सांगता आले नाही, कारण त्या दिवशी काही घडलेच नव्हते.

म्हणून आज गाण्याचा सांगाडाच बदलला. मिनिटाला ६० मात्रांची, म्हणजे ठोक्यांची लय, सोळा मात्रांचे आवर्तन, म्हणजे एक फेरी. पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मात्रेवर घोळका म्हणतो, ‘मागे कोण रे’. (माझ्या नावाला तेव्हा जो शब्द चिकटवला होता, तो गाण्यात घातलेला नाही, तो त्यांना पुन्हा हाती द्यावासा वाटला नाही.) तेराव्या मात्रेवर काहीच येत नाही. दुसऱ्या आवर्तनात ती ओळ एक मात्रा उशिरा, चौदाव्यावर येते. तिसऱ्यात पुन्हा रिकामी जागा, आणि त्यानंतर ऐकणारा चाल ऐकतच नाही, तो फक्त तेरावी मात्रा मोजत राहतो.

ती जागा रिकामी करताना एक चूक झाली. ओळ कापली, पण ओळीआधी मी घेतलेला श्वास ध्वनिमुद्रणात तसाच राहिला. हेडफोन लावून ऐकले तेव्हा बारावी मात्रा सरता सरता कुणीतरी अगदी कानामागे बोलण्यासाठी श्वास घेतला आणि पुढे काहीच बोलले नाही. मी मागे वळून पाहिले, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

श्वास ठेवला आहे. तो थोडा मोठा वाटतो; किती कमी करायचा ते उद्या दिवसाउजेडी पाहीन.